वळणावरची घंटी

सारंगखेडा,
ता. २० डिसेंबर २०२४

प्रिय वीरसिंगराव,

स. न. वि. वि. इकडे आम्ही बरे, म्हणजे मी बरा आणि तुमची मानलेली बहीण कोकिळा तिच्या परीने बरी. तुमच्या पाड्यावर थंडीने माणसं शेकोटीला चिकटली असतील, म्हणून पत्र जरा गरमागरम लिहितो. तुमच्या डोंगरात अजून टॉवर पोचला नाही याचा मला मनातून आनंदच आहे. फोनवर तुम्ही हो हो म्हणता आणि ऐकत काहीच नाही. पण जातीचे मास्तर, कागद हातात आला की शेवटपर्यंत वाचता.

बातमी अशी की यंदा आमच्या घोडेबाजारात मी सायकलींचा खजिना मांडला. हसू नका. लाखालाखाच्या घोड्यांच्या रांगेत एक टेबल, त्यावर माझा संसार. नगरपालिकेचे सायकलकराचे पितळी बिल्ले, एकोणीसशे बावन्नपासूनचे. रॉकेलवर जळणारा सायकलचा दिवा. कंपन्यांच्या नावाच्या पितळी पाट्या. काड्यापेट्यांवरची सायकलवाल्या बायांची चित्रं, ती मात्र कोकिळापासून लपवून जमवलेली. एक पत्र्याचा चावीचा सायकलस्वार, जो अजून दीड फेरी मारतो आणि आडवा होतो. आणि घंट्या एकशे सदतीस. घोडे बघून दमलेली माणसं माझ्याकडे यायची आणि घंट्या वाजवून बघायची. शेजारच्या घोडेवाल्याने दोनदा तक्रार केली.

पुण्याहून एक संग्राहक आला होता. तासभर भिंग लावून एकेक वस्तू बघितली आणि त्याला यातलं काहीच आवडलं नाही. आवडली ती टेबलाला टेकवलेल्या माझ्या रोजच्या सायकलची घंटी! म्हणाला, ही विलायती दिसते, महायुद्धाच्या आधीची, अशा देशात चार-पाच निघाल्या तर निघाल्या, आणि तुम्ही ती उन्हापावसात वाजवत हिंडता? मला लाजल्यासारखं झालं. त्याच दिवशी ती काढली, चिंचेने घासली आणि काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवली. सायकलला बाजारातली नवी बसवली. पुणेकर फोटो आणखी जाणकारांना दाखवून कळवणार आहे. तोवर मला सारंगखेड्याचा राजा समजा.

तुमच्या बहिणीचं विसरणं वाढलं आहे. परवा मला पाहुणा समजून खुर्ची पुसून दिली. पण दुकानातून येताना निंबाच्या वळणावर मी दोनदा घंटी वाजवली की ती तव्यावर भाकर टाकते, हातपाय धुवायला पाणी काढते, आणि दारातून आत येणारा तिचा नवराच हे तिला पक्कं ठाऊक असतं. मग मी जेवलो की ती जेवते. लग्नापासूनचा नेम. मी भांडलो, आमची लेक जागृती भांडली, पण माझ्या आधी तिने घास घेतला नाही. गेले चार दिवस मात्र संध्याकाळी भाकर वेळेवर पडत नाही, ती जेवायलाही का-कू करते. थंडीने असेल.

वहिनींना, धनुबाईंना नमस्कार. लोभात हवा कमी पडू देऊ नका.

तुमचा,
हेमकांत सायकलवाला

---

काठी गावाच्या वरचा पाडा,
ता. १९ जानेवारी २०२५

रा. रा. हेमकांतदाजींस,

डोंगरावरून उतरता नमस्कार, वि. वि. आपलं पत्र आमच्या खात्या ड्रायव्हरच्या जीपमधून दोन शेळ्यांच्या सोबतीने आलं. एका कोपऱ्याची शेळीने चव घेतली आहे, पण सारंगखेड्याच्या राजाचं राज्य शाबूत आहे.

कोकिळाताईचं वाचून बरं वाटलं नाही. त्रेचाळीस वर्षांपूर्वी मी तुमच्या गावच्या शाळेवर आलो, तेव्हा डोंगरातल्या भिल्लाच्या पोराला खोली कोणी देईना. ताईने ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीदेखत मला राखी बांधली आणि खोलीचा प्रश्न तिथेच मिटला. ती मला विसरली तरी चालेल. पण जेवणाची हेळसांड होऊ देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आता माझं एक मागणं. होळीच्या नवसाचं माझं यंदा पाचवं आणि शेवटचं वर्ष. तुम्ही एकदा बघितलं आहे, अंगाला राख, डोक्यावर मोरपिसं, कमरेला सुके भोपळे आणि घंटांचा पट्टा बांधून आम्ही बुध्या होऊन नाचतो. माझी सून रुपा, तिचं पहिलं बाळ गेलं तेव्हा हा नवस बोललो. मधे दुसरंही गेलं. आता तिला सहावा महिना आहे. माझा मुलगा भूपेश नुसता लाकडं फोडत बसतो. एवढी लाकडं आम्हाला दोन वर्षं पुरतील.

तर जुना पट्टा उंदरांनी खाल्ला आणि घंटाही फुटल्या. तुमच्या एकशे सदतीसातल्या जोडीच्या, दुय्यम, तुमच्या मनातून उतरलेल्या तीसेक घंट्या द्याल का? शेवटचं वर्ष दणक्यात व्हावं असं वाटतं.

आमच्यावर जीव आहे तो असाच राहो.

आपला,
वीरसिंग

---

सारंगखेडा,
ता. २ फेब्रुवारी २०२५

प्रिय वीरसिंगराव,

स. न. वि. वि. सोबत पिठाचा डबा पाठवत आहे. पीठ नाही, घंट्या आहेत. तीस मागितल्या, एकतीस पाठवतो. एकतिसावीबद्दल काही विचारू नका.

पुण्याचं उत्तर आलं. जाणकारांनी निकाल दिला की माझी घंटी विलायती नाही, कुठल्याशा कारखान्यात पडलेली नक्कल आहे, अशा पोत्याने मिळतात. शेवटी लिहिलंय की भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व. दीड महिना मी गावभर सांगत फिरलो होतो! भटू न्हाव्याने तर दाढी करता करता विचारलं, राजेसाहेब, सिंहासनाचं काय झालं? असो. मी ती काचेची पेटी रिकामी केली.

रुपाला जपा. तिचं सगळं नीट होईल, तुमच्या एवढ्या नाचण्याला देव भुलणार नाही तर कशाला.

कोकिळाचं सांगायचं तर ती आता संध्याकाळची जेवत नाही. ओट्यावर बसून राहते. विचारलं तर नवऱ्याबद्दल म्हणते, त्या आजून उनात नहीत. मी समोर बसून सांगतो की अहो, मी कधीचा आलो आहे. ती मान हलवते, ऐकल्यासारखं करते आणि पुन्हा रस्त्याकडे बघते. काल मी ताट वाढून आणलं तर फार मऊपणे म्हणाली, तुमनी बाई वाट देखत व्हई, घर जा. चांगल्या घरची आहे हो तुमची बहीण, परक्या माणसाचीही काळजी करते. मी परसात जाऊन थोडा वेळ बसलो.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आहेत. या आजारात असं होतं म्हणाले.

तुमच्या मनात आमच्यासाठी जागा आहे, ती कोणाला भाड्याने देऊ नका.

तुमचा,
हेमकांत

---

पाडा,
ता. १४ फेब्रुवारी २०२५

रा. रा. हेमकांतदाजींस,

नमस्कार वि. वि. डबा पोचला. आम्ही काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचा कारागिराचा जीव हळहळेल. घंटीच्या आतलं चाक, स्प्रिंग, खटका, सगळं काढून टाकलं. नाचताना ते नुसतं कुरकुरतं. फक्त वरची वाटी ठेवली, तिच्यात लोखंडी लोलक लटकवला, आणि एकतीस वाट्या चामड्याच्या पट्ट्यावर ओवल्या. भूपेशने हाताने सगळं केलं. कित्येक महिन्यांनंतर तो हसला.

पौर्णिमेला पट्टा देवमोगरा मातेपुढे ठेवून कमरेला बांधला. आता माझी पाळणी सुरू झाली. खाटेवर झोपायचं नाही, स्वतःच्या हातचं शिजवून खायचं, बाईमाणसाचा स्पर्श नाही, नदी ओलांडायची नाही, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. आमच्या पाड्यावर देवीपुढे बांधलेला पट्टा होळीनंतर पाचव्या दिवसापर्यंत सुटत नाही. म्हणून ताईला बघायला यावंसं वाटूनही येता येत नाही. ती जेवते का, ते आधी लिहा.

आठवणीत असू द्या.

आपला,
वीरसिंग

---

सारंगखेडा,
ता. २७ फेब्रुवारी २०२५

प्रिय वीरसिंगराव,

नमस्कार. हे पत्र मिळताच काय करायचं ते करा, पण माझी घंटी परत पाठवा. मी तुमच्या पाया पडतो.

मला आज कळलं. दोन महिने माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि आज कळलं. सकाळी गल्लीतली आशाबाई सहज म्हणाली की काका, हल्ली तुम्ही घरी आलेले कळतच नाहीत, पूर्वीची ती घंटी कुठे गेली? मी तसाच घरातल्या कॅलेंडरपुढे गेलो. कोकिळाचं जेवण ज्या दिवसापासून चुकायला लागलं, तो दिवस मी तारखेने काढला. घंटी काढली तोच दिवस. तिच्या लेखी मी डिसेंबरपासून घरी आलेलोच नाही! नवरा बाहेर आहे, मग ती कशी जेवेल? घरात फिरणारा हा म्हातारा कोण आहे हे तिला माहीत नाही, पण तो तिचा नवरा नाही एवढं माहीत आहे, कारण तो घंटी न वाजवता आला.

आता एकतिसावीचं सांगतो. पुण्याचं पत्र आलं त्या रागात मी ती पेटीतून काढली आणि तुमच्या डब्यात फेकली. मोलाची वाटली म्हणून सायकलवरून काढली, कवडीमोलाची निघाली म्हणून फेकून दिली. दोन्ही वेळा तिला विचारलं नाही. चाळीस वर्षं ती घंटी मी वाजवली, पण ऐकत होती ती.

घरात उरलेल्या एकशे सात घंट्या मी एकेक करून सायकलला लावतो, वळणापर्यंत जातो, वाजवतो आणि घरात येतो. ती मान वर करत नाही. जागृतीच्या फोनमध्ये तिच्या लग्नातला एक व्हिडिओ सापडला, त्यात घंटी ऐकू येते. तो लावला तर कोकिळाने फोनकडे बघितलं आणि टीव्ही बारीक करायला सांगितलं.

सकाळचा चहा आणि दोन बिस्किटं, यावर तिचा दिवस चालला आहे. छत्तीस किलो वजन राहिलं. नाकातून नळी घातली होती, ती तिने उपटून काढली. डॉक्टर आता माझ्याशी बोलताना खाली बघतात.

देवाधर्माचं मला कळतं. पण पट्टा सोडा. एकच वाटी तोडून द्या. होळीच्या पाचव्या दिवसाला अजून तीन आठवडे आहेत, आणि तिच्याजवळ तीन आठवडे नाहीत.

हेमकांत

---

पाडा,
ता. ३ मार्च २०२५

रा. रा. दाजींस,

नमस्कार. पत्र तीनदा वाचलं.

माझ्या कमरेला एकतीस वाट्या आहेत, त्यातली तुमची कोणती हे मला ओळखता येत नाही. आतलं सामान ओढ्याकाठी खड्ड्यात टाकलं होतं. काल भूपेशने आणि मी तो खड्डा उकरला. गंजलेल्या स्प्रिंगांचा गुंता मिळाला, त्यातून काही जुळत नाही.

आणि पट्टा मी सोडू शकत नाही. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. मी तेहतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं. पण रुपाला आता आठवा महिना आहे. ती माझ्याकडे बघते तेव्हा आधी माझ्या कमरेकडे बघते. मी पट्टा सोडला आणि उद्या काही झालं, तर त्या पोरीला आणि भूपेशला मी काय तोंड दाखवू? तुम्ही ताईसाठी मागता आहात, मी सुनेसाठी नाही म्हणतो. मला शिव्या घाला, तुमचा हक्क आहे.

एकच सुचतं. मला येता येत नाही, तुम्ही तिला आणा. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून आमचा मेलादा भरतो, सगळे बुध्या, बावे दिवसा मैदानात नाचायला जमतात. मी तिच्यासमोर एकेक घंटा वाजवेन. ती ओळखेल. खात्याची जीप पाठवतो, मागच्या सीटवर गादी घालून.

तुमचा अपराधी,
वीरसिंग

---

सारंगखेडा,
ता. ८ मार्च २०२५

ती. वीरसिंगमामांस,

शि. सा. न. वि. वि. सुरतेहून रजा काढून दहा दिवसांपूर्वी आले. पप्पा तुम्हाला सगळं लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते.

पप्पांचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मंगळवारी वळणावर सायकलवरून पडले. दिवसातून तीस-तीस वेळा तेच चाललंय, घंटी बदलायची, वळणावर जायचं, वाजवायची, घरात यायचं आणि मम्मीच्या तोंडाकडे बघायचं. पहिल्या दिवशी गल्लीतले हसले. आता ते वळणावर दिसले की बाया दारं लावून घेतात, कोणाला बघवत नाही. प्लास्टर घातल्यावर सायकल ढकलत नेतात आणि डाव्या हाताने वाजवतात.

मी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, सगळ्या आयुष्यात तुम्ही भंगार जपलं आणि मम्मीला भंगारात काढलं. नंतर बघितलं तर ते कपाटापुढे जमिनीवर बसून बिल्ले एका पोत्यात भरत होते. मी पोतं हिसकावून घेतलं. मला फार वाईट वाटलं, मामा. ते वाईट माणूस नाहीत, हावरे आहेत, लहान मुलं असतात तसे.

मम्मी मला नर्स समजते. भरवायला गेले तर घास हाताने बाजूला करते, रागावत नाही, फक्त सांगते की घरचे येऊ देत. तिच्या हाताची कातडी धरली तर तशीच उभी राहते.

मी तुमच्यावर रागावले होते. पट्टा सोडत नाही म्हणून दोन दिवस तुमचं नाव घेतलं नाही. पण रुपावहिनीच्या जागी मी असते तर मीही सासऱ्याच्या कमरेकडेच बघितलं असतं. मुलीची परीक्षा आहे, मला अकराला परत जावंच लागतंय. पप्पा मम्मीला घेऊन तुमच्याकडे येतील. ती पोचेल की नाही, मला माहीत नाही. पोचली तर तुम्ही तिचे भाऊ आहात हे लक्षात ठेवा.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका, सध्या तिची गरज आहे.

तुमची,
जागृती

---

पाडा,
ता. १९ मार्च २०२५

चि. जागृतीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पप्पा लिहू शकत नाहीत, हाताने नव्हे, मनाने. म्हणून शनिवारी काय झालं ते मीच सांगतो. आधी हे वाच, ताई जिवंत आहे आणि जेवते आहे. आता बाकीचं सावकाश वाच.

खात्याने जीप मैदानाच्या कडेला मोहाच्या सावलीत लावली. दहा वाजले असतील. ढोल चालू होते, दीडशे-दोनशे बुध्या गोल करून नाचत होते. तुझी मम्मी गादीवर पडून होती, गुडघे पोटाशी घेतलेली एवढीशी. मी तीन हातांवर उभा राहिलो. पाळणीत होतो, जवळ जाता येईना. झिपरू ढोलवाल्याने थाप थांबवली आणि सगळ्या गोलाला हात केला. आमच्या मेलाद्यात ढोल असा मधेच थांबल्याचं मी कधी बघितलं नाही.

मग मी एकेक वाटी हातात धरून वाजवली. एकतीस. तुझे पप्पा तिच्या चेहऱ्यावरून डोळे हलवत नव्हते. शेवटची वाजली आणि तिने ऊन लागतं म्हणून पदर तोंडावर ओढला. बस. दाजी तिथेच मातीत बसले आणि रडले. मला म्हणाले, तुमचा दोष नाही, पण सायकलची घंटी आतून फिरत वाजते, ही नुसती ठोकल्यासारखी वाजते, हिच्यात ती कशी ओळखेल? ते खरं होतं. मी माझ्या घरात बसून, हौसेने, तिचा आवाज काढून टाकला होता.

रुपा मोहाखाली बसली होती. ती उठून आली आणि म्हणाली की पट्टा सोडा, माझं काय व्हायचं ते होईल. माझा हात गाठीवर गेला. पण सोडून करणार काय? जे हवं होतं ते त्या पट्ट्यात उरलंच नव्हतं. मला आयुष्यात इतकं हताश कधी वाटलं नाही.

तेवढ्यात तुझी मामी तांब्या घेऊन आली. तिला घंट्यांचं काही ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तरी तिने ऐकलं नसतं. नणंद दारात आली की पाय धुवायचे, एवढं तिला ठाऊक. तिने ताईला उठवून बसवलं, पाय खाली सोडले, गार पाणी घातलं, पदराने पुसले, डोक्यावरून पाणी ओवाळून टाकलं. ताई आपल्या ओल्या पायांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, आखाजी शे का? धनुबाई पटकन हो म्हणाली. ताईने इकडेतिकडे बघितलं, झाडं बघितली, बाया बघितल्या, आणि म्हणाली, माले भूक लागनी.

तुला वेगळं सांगायला नको. आखाजीला तुमच्याकडे लेकी माहेरी येतात. माहेरवाशिणीला नवऱ्याच्या आधी जेवायला कोणाची आडकाठी नसते. नवरा तिकडे सासरी असतो, त्याची वाट कोण बघतो? आमच्या हे डोक्यातच आलं नाही.

तिने उडदाची डाळ आणि सव्वा भाकर खाल्ली. हळूहळू, बोटं चाटत. दाजी पुढे आले तर तिने डोक्यावर पदर घेतला आणि धनुबाईला हळूच विचारलं की हा म्हातारा कोण, जेवला का हा? धनुबाईने पाहुणा म्हणून सांगितलं. दाजी पाठ करून बसले आणि जेवले. मग खात्याबरोबर एकटेच परत गेले. कोणी त्यांना जा म्हटलं नाही.

पाळणी काल सुटली. पट्टा सोडून सगळ्या वाट्या दाजींना पाठवल्या आहेत. ताई आमच्याकडे राहील. धनुबाईने तिला आंब्याला झोका बांधून दिला आहे. ती रोज विचारते, आम्ही रोज सांगतो की उद्या आखाजी आहे.

तुझा मामा जसा आहे तसा पदरात घे.

वीरसिंग

---

सारंगखेडा,
ता. ३ मे २०२५

प्रिय वीरसिंगराव,

स. न. वि. वि. तुमची नात तीन आठवड्यांची झाली, रुपा उठून कामाला लागली, हे खात्याकडून कळलं. गल्लीत पेढे मीच वाटले. लोकांनी विचारलं कोणाला झालं, मी म्हटलं आमच्या घरात. पोरीला रोज तेल लावा आणि भूपेशला आता लाकडं फोडू देऊ नका.

मागच्या महिन्यात मी जे केलं त्याबद्दल तुम्ही पत्रात अवाक्षर काढलं नाही. पुढे काय झालं ते मला खात्याने सांगितलं. म्हणून मीच कबूल करतो. तुमच्या एकतीस वाट्यांत मी नवं सामान बसवलं, चाक, स्प्रिंग, खटका, डाव्या हाताने एकेकीला दिवस दिला. त्या सायकलला लावून वळणावर वाजवल्या, पण घरात सांगणारं कोणी नव्हतं. ओळखणारी तुमच्याकडे होती. मग मी सायकल जीपवर टाकून तुमच्या पाड्याखाली आलो. तुम्हाला कळवलं नाही, तुम्ही अडवलं असतं. चढणीच्या वळणावर उभा राहून एक एक वाजवत गेलो. बाराव्या घंटीला ती झोक्यावरून उठली. मला खालून दिसत होतं. तिने पदर खोचला, धनुबाईंना तवा मागितला, पाणी काढलं, आणि अंगणाच्या टोकाला येऊन उभी राहिली. चार महिन्यांनी ती माझ्यासाठी दारात उभी होती! मी सायकल ढकलत वर पळालो, या वयात पळालो. तिच्यापुढे उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं, जरा बाजूला सरकली, आणि माझ्यामागच्या रस्त्याकडे बघत राहिली.

घंटी सापडली, वीरसिंगराव. मी नाही सापडलो.

त्यानंतर दोन दिवस ती जेवली नाही, कारण घंटी वाजली आणि माणूस आला नाही. धनुबाईंनी परत पाय धुतले, परत झोक्यावर बसवलं, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी घास घेतला. हे मी केलं. डिसेंबरात एकदा केलं आणि एप्रिलमध्ये पुन्हा केलं. तिच्यावर जीव आहे म्हणून केलं, पण तिच्या पोटाला त्याचा काय उपयोग?

आता मी येणार नाही. जागृतीलाही सांगितलं आहे की तू जा, मामाकडे भाची म्हणून राहा, पण माझं नाव काढू नको.

बुधवारी आमच्याकडे आखाजी झाली. गल्लीत सगळ्यांच्या लेकी आल्या होत्या, झोके बांधले होते, सांजोऱ्यांचा वास होता. मी ओट्यावर बसून होतो. आशाबाईने ताट आणून दिलं, मी जेवलो. काल एकेकीला न्यायला तिचा तिचा नवरा आला. आज गल्ली रिकामी आहे, झोकेही सोडले.

म्हणून हे पत्र घाईने पाठवतो. तुमच्या पाड्यावर आखाजी होऊन गेल्याचं तिला कोणी सांगू नका. पोरांना बजावा, खात्याला बजावा. झोका सोडू नका. पाऊस आला तर ओसरीत बांधा, दोर मी पाठवतो. ती विचारेल तेव्हा उद्याच आखाजी आहे. आणि नवरा न्यायला कधी येणार असं कधी विचारलंच, तर म्हणा, त्यांचा निरोप आला आहे, इतक्यात येत नाहीत, तू जेवून घे.

तुमचा,
हेमकांत